फाईल आणायची की काम धाडायचे?

मंडळी, हा विषय पोफळीत समजावणे आम्हाला सोपे जाते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथल्या भूमिगत वीजघरात येते, जनित्रे फिरवते, आणि तारांवरून पुढे जाते ती वीज. मुंबईला वीज हवी म्हणून पाणीच तिकडे न्यावे, असे कुणाला सुचले नाही. उतार इथे आहे ना! संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न पडतो. फाईल एका गावी, विचारणारा दुसऱ्या गावी.

जवळचेच उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथे कुणाला सांगायला नको. समजा, एक भूकंपमापक सेकंदाला १०० वेळा तिन्ही दिशांची हालचाल टिपतो, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. दिवसाची नोंद सुमारे १०४ एमबी, महिन्याची ३ जीबीच्या वर. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने ती ओढायला जवळजवळ सात तास लागतील. आणि आपल्याला हवे काय, तर धक्का नेमका कधी पोचला! ते शोधणारा छोटासा प्रोग्राम तिकडेच चालवला तर उत्तर चार ओळींत येते.

पण हा नियम सगळीकडे चालत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडायचे, म्हणजे ४३५ जोड्या. तिथे सगळे एका ठिकाणी आणावेच लागते, म्हणून ऑप्टिकल फायबर टाकली. दूरची फाईल आपल्याच डिस्कवर आहे असे भासवणारी तिसरी सोयही आहे. सन कंपनीची एनएफएस १९८४ ची. सोय गोड, पण प्रोग्राम तुकड्यातुकड्याने वाचू लागला की प्रत्येक तुकड्याला हेलपाटा.

खरी पंचाईत पुढेच आहे. काम धाडले आणि उत्तर आले नाही. काम झालेच नाही, की झाले आणि उत्तर वाटेत हरवले? कुमारिलांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे, पण अट अशी की वस्तू असती तर दिसली असती. उजेडात घागर दिसली नाही, तर ती नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. जाळ्यातली शांतता ही अंधारातली. नुसते वाचायचे काम पुन्हा सांगितले तरी बिघडत नाही. ‘खात्यातून ५०० वजा कर’ हे दोनदा सांगितले तर कुणाचे तरी पैसे जातात. म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पलीकडच्याने काम न करता जुनेच उत्तर द्यावे.

ही क्रमांकांची वही कुठवर जपायची, असे आपल्यातल्या एकांनी विचारले. प्रश्न चांगला आहे. उत्तर मिळाल्याची पोच येईपर्यंत, असे म्हणावे, तर पोचही हरवू शकते. मग मुदतच ठरवावी लागते, आणि मुदतीनंतर आलेली जुनी मागणी सरळ नाकारावी लागते.