फॉयरत्सांगनबोले: पेटत्या साखरेची नाताळची वाइन

जर्मनीच्या नाताळ बाजारात ग्लूवाइन, म्हणजे मसालेदार गरम वाइन, सगळेच पितात, पण घरी मंडळी जमली की मान फॉयरत्सांगनबोलेचा! २ लिटर रेड वाइनमध्ये दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, संत्र्या-लिंबाच्या चकत्या घालून मंद आचेवर गरम करा. उकळू मात्र देऊ नका, अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं.

आता दिवे मंद करा. भांड्यावर धातूची आडवी पट्टी आणि तिच्यावर त्सुकरहूट, म्हणजे २५० ग्रॅमचा साखरेचा शंकू. तो ५४ टक्क्यांच्या रममध्ये भिजवून काडी लावली की निळ्या ज्वाळा उठतात, साखर वितळून थेंबाथेंबाने वाइनमध्ये पडते. किंचित करपलेल्या साखरेची ती खमंग चव ग्लूवाइनला येतच नाही. नेहमीची ४० टक्क्यांची रम नीट पेटत नाही. आणि वरून रम घालायची ती लांब दांड्याच्या पळीनेच. पेटत्या साखरेवर बाटली कधीही धरू नका, आग थेट बाटलीत शिरते.

जर्मन अभिनेता हाइन्त्स र्‍यूमानचा याच नावाचा १९४४चा चित्रपट या पेयाभोवती बसलेल्या मित्रांच्या गप्पांपासूनच सुरू होतो. जर्मन विद्यापीठांत तो आजही डिसेंबरमध्ये दाखवतात.

ज्वाळा विझल्या की ढवळा, मसाले गाळा आणि जाड मगांमध्ये गरमच वाढा.