लंडनच्या तिकिटाआधी काळा घोडा

मराठ्यांच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्या अनेकांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे: खरे कागद लंडनला, तिथे जायला पैसा नाही, म्हणून विषय अडला. यातला पहिला भागच तपासून पाहायला हवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कौन्सिलच्या कामकाजाच्या नकला विलायतेला संचालकांकडे जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण इथे राहिलेल्या दप्तराचा मोठा साठा काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा बराचसा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांनी 1936 पासून खंडाखंडाने छापून आणला. पेशवे दप्तर पुण्यातच आहे. सरदेसायांनी त्यातून निवडून काढलेले 45 खंड हा त्या साठ्याचा अगदी थोडा वाटा. बाकीचे मोडी कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. हे सगळे पाहून झाल्यावर लंडनसाठी जे उरते, उदाहरणार्थ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे खासगी कागद, तेवढ्यासाठीच तिकीट काढावे.

उलट बाजूचा गैरसमज असा की आता सगळे ऑनलाइन आहे, प्रवास कशाला? कंपनीचे कागद ज्यात आहेत त्या इंडिया ऑफिसच्या दप्तराने ब्रिटिश लायब्ररीतली सुमारे 14 किलोमीटर लांबीची फडताळे व्यापली आहेत. त्यातले आखाती देशांविषयीचे कागद 2014 पासून घरबसल्या वाचता येतात, कारण त्यासाठी कतारने पैसा दिला. म्हणजे स्क्रीनवर काय येते, हे पुष्कळदा खर्च कोणी उचलला यावर ठरते. कागदाचे महत्त्व हा त्याचा निकष नव्हे. शिवाय ऑक्टोबर 2023च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन सूची काही महिने बंदच होती. म्हणून हव्या त्या फायलींचे क्रमांक वेळेत उतरवून जवळ ठेवावेत.

हे क्रमांक अनुदानालाही उपयोगी पडतात. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद अभ्यासप्रवासासाठी साहाय्य देते, चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमधल्या अल्पकालीन संशोधनासाठी देतो. रकमा मर्यादित असतात, पूर्ण खर्च भागेलच असे नाही. पण ‘मराठा-इंग्रज संबंधांचा अभ्यास’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर निवड समिती काय ठरवणार? कोणत्या मालिकेतल्या कोणत्या फायली, त्या भारतात का मिळत नाहीत, रोज किती वाचून होतील, हे लिहिले की खर्चाचा आकडा आपोआप पटतो. यावर आक्षेप येतो की दप्तरातले मोठे शोध अनपेक्षितपणे लागतात, यादी करून ते कसे हाती येतील? आक्षेप रास्त आहे. मात्र अनपेक्षित कागद उलगडायला मोकळे दिवस लागतात, आणि सूची चाळण्याचे काम घरी उरकलेल्यालाच ते मिळतात. मुक्कामाचा चौथा हिस्सा यादीबाहेरच्या वाचनासाठी राखावा, आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.