चित्रकथांतील वेशभूषेचे कालानुरूप रूपांतर

चित्रकथेतील परिचित पात्र वेगळ्या ऐतिहासिक काळात कल्पून, त्या काळातील वस्त्रप्रावरणांनुसार त्याचा वेश नव्याने रेखाटण्याची पद्धती. चित्रकथेत एकच पात्र शेकडो चौकटींत काढावे लागते व वाचक ते मुख्यतः वेशावरून ओळखतो. त्यामुळे पात्राची ओळख टिकविणे आणि काळाशी इमान राखणे, या दोन्ही गरजा चित्रकाराला एकाच वेळी भागवाव्या लागतात. सामान्यतः रंगसंगती, चिन्ह, मुखवटा व बाह्याकृती कायम ठेवून कापड, शिवण, बंद आणि पादत्राणे यांत बदल केला जातो.

अमेरिकेत ‘सुपरमॅन’ (१९३८) व त्यानंतरच्या नायकांचा अंगाबरोबर बसणारा वेश सर्कशीतील कसरतपटूंच्या पोशाखावरून घेण्यात आला. पुढे १९८९ मध्ये ‘बॅटमॅन’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तर २००३ मध्ये मार्व्हल प्रकाशनाचे अनेक नायक १६०२ च्या इंग्लंडमध्ये कल्पिले गेले. २००४ मधील ‘स्पायडरमॅन : इंडिया’ या चार अंकी मालिकेत मुंबईतील पवित्र प्रभाकर या नायकाला चित्रकार जीवन कांग यांनी मुखवटा व जाळीचा अंगरखा मूळचाच ठेवून खाली धोतर दिले. येथे कथेचा काळ आधुनिक, वेश मात्र परंपरागत आहे. याउलट, इंद्रजाल कॉमिक्समधून (१९६४–९०) मराठी वाचकांना परिचित झालेल्या वेताळाचा वेश १५३६ पासूनच्या सर्व पिढ्यांत एकच असतो; तो अमर असल्याची दंतकथा या न बदलणाऱ्या वेशावरच उभी आहे.

पौराणिक व ऐतिहासिक कथांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी अनेक पौराणिक नायिकांना चोळी व साडी नेसविली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शिळाप्रेसमुळे ही रूपे घरोघरी पोहोचली आणि अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’ मालिकेवरही त्यांचा प्रभाव पडला. भारहूत व सांची येथील शिल्पांत मात्र अंतरीय, उत्तरीय व कायबंध ही न शिवलेली वस्त्रे प्रामुख्याने आढळतात. अजिंठ्याच्या चित्रांत त्यांच्या जोडीला शिवलेली वस्त्रेही दिसतात.

काल्पनिक नायकाच्या वेशात कल्पनेला मुभा असते. ऐतिहासिक व्यक्तीच्या बाबतीत पुरावा आवश्यक ठरतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी भलत्याच व्यक्तीचे चित्र छापले जाई; इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र प्रकाशात आणल्यानंतर ते मागे पडले. बालवाचकाच्या मनात इतिहासाचे पहिले रूप पुष्कळदा चित्रकथेतूनच ठसते आणि पुढे वाचलेल्या मजकुराने ते सहसा पुसले जात नाही. म्हणून अशा वेशरचनेत शिल्पे, लघुचित्रे व जतन केलेली वस्त्रे यांचा अभ्यास रेखाटनाच्या आधी होणे इष्ट ठरते.