खिडकीमागील नेतृत्व

सामान्य माणसाची शासनाशी गाठ पडते ती बहुधा तालुक्याच्या कार्यालयातील खिडकीपाशी. त्या खिडकीवर त्याला जी वागणूक मिळते, तीवरूनच तो एकंदर शासनाविषयी आपले मत बनवितो. खासगी व्यवसायात ग्राहकसेवेला आता स्वतंत्र शास्त्राचे स्थान लाभले असून तेथील व्यवस्थापकांना नेतृत्वाचे आणि व्यावसायिक वर्तनाचे धडे पद्धतशीरपणे दिले जातात. हे धडे आपल्या तालुका कार्यालयांना कितपत उपयोगी पडतील, याचा विचार पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले, तर दौंड भीमेच्या. दोन्ही तालुक्यांत शेती आणि कारखानदारी शेजारीशेजारी नांदत आहेत. एकीकडे ऊस आणि कांदा, तर दुसरीकडे रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शनही आहे. त्यामुळे येथील कार्यालयांच्या रांगेत शेतकरी, पाळीत काम करणारा कामगार, ऊसतोडणी मजूर आणि अन्य जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे असे नाना तऱ्हेचे लोक उभे असतात. यांपैकी कोणालाही “उद्या या” असे सांगणे सोपे असते. परंतु त्या दोन शब्दांची किंमत एसटीचे दोन्ही वेळचे भाडे आणि एक बुडालेला रोज एवढी असते, आणि ती किंमत सांगणाऱ्याला नव्हे, तर ऐकणाऱ्याला मोजावी लागते.

ग्राहक आणि नागरिक

दुकानातील ग्राहक आणि कार्यालयातील नागरिक यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. एका दुकानात मनासारखी सेवा मिळाली नाही तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. दुकानदाराचा गल्ला कमी होतो आणि त्याला आपली चूक उमगते. उत्पन्नाचा दाखला किंवा फेरफाराची नोंद यांसाठी नागरिकाला दुसरे दुकान नसते. तो नाराज झाला तरी पुन्हा त्याच खिडकीवर येतो. म्हणजेच रांग लांब आहे यावरून सेवा चांगली आहे असे अनुमान काढता येत नाही आणि तक्रार आली नाही म्हणून सर्व आलबेल आहे असेही मानता येत नाही. बाजारात जी जाणीव स्पर्धा करून देते, ती शासकीय कार्यालयात अधिकाऱ्याने स्वतः जागी ठेवावी लागते. सार्वजनिक सेवेतील नेतृत्वाची खरी जबाबदारी येथूनच सुरू होते.

कायद्याची चौकट

या जबाबदारीला महाराष्ट्रात कायद्याचा आधार आहे. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. त्यापुढे जाऊन महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क ठरविला. प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि त्यावर प्रथम व द्वितीय अपील प्राधिकारी नेमले गेले. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय सेवा देण्यात कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद करण्यात आली. सेवा, मुदत, शुल्क आणि अधिकाऱ्यांची माहिती देणारा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक झाले.

या अधिनियमातील एक बाब मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. विहित मुदत मोजली जाते ती सर्व दृष्टींनी परिपूर्ण असा अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून. अर्जात एखादे कागदपत्र कमी असेल तर मुदतीचे घड्याळ चालूच होत नाही. नियमाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. परंतु ज्याला अर्ज भरता येतो त्याचे संरक्षण कायदा करतो आणि ज्याला तो नीट भरता येत नाही तो मात्र घड्याळाच्या बाहेरच उभा राहतो. या दुसऱ्या माणसाचे संरक्षण कार्यालयाच्या प्रमुखानेच केले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या एका आईने मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज दिला. या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. अर्ज घेताना तो कोणी उघडून पाहिला नाही. चौदाव्या दिवशी तो टेबलावर आला तेव्हा एक पुरावा जोडलेला नाही असे आढळले, आणि त्रुटीचा शेरा मारून तो परत गेला. कार्यालयाच्या नोंदवहीत विलंब शून्य. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख मात्र निघून गेली. येथे कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धट बोलले नाही, नियमही मोडला नाही. तरीही एका मुलीचे वर्ष अडचणीत आले. अर्ज स्वीकारतानाच दोन मिनिटे खर्चून तो तपासला असता आणि काय कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले असते, तर हा प्रसंग टळला असता. अर्ज पहिल्याच दिवशी तपासला जाईल अशी व्यवस्था लावणे हे लिपिकाच्या मर्जीवर सोडण्याजोगे काम नाही. ते प्रमुखाचे काम आहे.

घोड नदीपलीकडील प्रयोग

अशी व्यवस्था लावता येते, याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. शिरूरहून घोड नदी ओलांडली की पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची पुनर्रचना केली. जुन्या अभिलेखांची वर्गवारी, बसण्याच्या जागांची नवी मांडणी आणि कोणत्या टेबलाने कोणते काम कोणत्या पद्धतीने करावयाचे याची स्पष्टता या बाबींवर त्यांनी भर दिला. कर्मचारी तेच राहिले, नियमही तेच राहिले. पण कागद हाताशी सापडू लागला. हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाला.

पुढे २०१७ मध्ये पुणे विभागाचे तत्कालीन विभागीय आयुक्त श्री. चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम विभागातील पाचही जिल्ह्यांत राबविली आणि २०१८ मध्ये तिचा राज्यभर अवलंब करण्याचे ठरले. प्रत्येक टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे हे तिचे सूत्र होते. कार्यवाहीसाठी प्रलंबित प्रकरणे, अन्य ठिकाणच्या उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. ही रीत दिसावयास साधी असली तरी तिच्यामुळे एक मोठी गोष्ट साधते. नागरिकाने विचारताच त्याचा कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते सांगता येते, आणि तो नेमका कशासाठी थांबला आहे हेही सांगता येते.

दौंडच्या रुळांचा धडा

दौंडकरांना याच तत्त्वाचा दुसरा दाखला आपल्या रेल्वेत सापडेल. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात आल्यावर दिशा बदलावी लागे. इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि त्यात वेळ मोडे. चालकाने कितीही तत्परता दाखविली तरी हा विलंब टळणारा नव्हता, कारण त्याचे मूळ रुळांच्या मांडणीत होते. पुढे दौंड कॉर्ड लाइनचे स्थानक झाले आणि त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्यांची ही अदलाबदल वाचली.

कार्यालयातही विलंब दिसला की प्रथम माणसाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. वास्तविक आधी रुळांची मांडणी पाहावयास हवी. एकच कागद निष्कारण तीन टेबलांवरून फिरतो काय? स्वाक्षरीचा अधिकार असलेले अधिकारी दौऱ्यावर असताना स्वाक्षरी कोणी करावयाची हे ठरलेले आहे काय? ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, गावात कोणत्या दिवशी भेटतील हे गावाला ठाऊक आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळविल्यानंतरही एखादा कर्मचारी कसूर करीत असेल तर कारवाई अवश्य करावी. परंतु मांडणीचा दोष माणसाच्या माथी मारणारा अधिकारी कर्मचाऱ्यांचा विश्वास गमावतो, आणि विलंब मात्र जागच्या जागीच राहतो.

खिडकीवरील माणसाच्या पाठीशी

खिडकीवर बसणारा कर्मचारी बहुधा कार्यालयातील कनिष्ठ असतो, परंतु लोकांचा राग प्रथम त्याच्यावरच निघतो. संगणकाची जोडणी बंद पडली, वरून आदेश आला नाही, निधी आला नाही, तरी बोल त्यालाच. अशा वेळी प्रमुखाने आपल्या दालनातून बाहेर येऊन रांगेपुढे उभे राहावे आणि काय अडले आहे, केव्हा सुटेल, कोणी थांबावे व कोणी परत जावे हे स्वतः सांगावे. गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा झाली की प्रवासी निदान चहा घेऊन येतो. घोषणाच झाली नाही तर तो फलाटावर तिष्ठत राहतो आणि संतापतो. विलंब तितकाच असला तरी खरी माहिती मिळालेला माणूस अपमानित होत नाही.

कर्मचाऱ्याची चूक झाली तर ती नागरिकासमोर कार्यालयाची चूक म्हणून प्रमुखाने स्वीकारावी आणि कर्मचाऱ्याला एकांतात समज द्यावी. त्याचे काम चांगले झाले तर ते चारचौघांत सांगावे. गर्दीसमोर पाणउतारा झालेला लिपिक दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसतो तो आपला बचाव करण्यासाठी, आणि मग प्रत्येक अर्जात त्रुटी शोधणे हाच त्याला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटू लागतो.

‘नाही’ सांगण्याची रीत

प्रत्येक अर्ज मंजूर होणे शक्य नसते. अपात्र व्यक्तीला दाखला न देणे हेही कर्तव्यच आहे. सौजन्य म्हणजे नियम वाकविणे नव्हे. तथापि ‘नाही’ हे उत्तरसुद्धा नीट द्यावे लागते. अर्ज नाकारताना कारणे लेखी नमूद करणे कायद्यानेच आवश्यक केले आहे. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, हे अर्जदाराला आपण होऊन सांगितले पाहिजे. आपल्याविरुद्ध अपील कोठे करावे हे जो अधिकारी शांतपणे समजावून सांगतो, त्याच्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसतो. “साहेब नाहीत” किंवा “वरून आले नाही” या उत्तरांनी तो बसत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे कार्य केवळ तहसील कार्यालयाचे नाही. निकालानंतर प्रवेशाच्या काळात दाखल्यांसाठी झुंबड उडते, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पुढे कोणते दाखले लागतील याची यादी दिवाळीपूर्वीच वर्गात वाचून दाखविली, तर जूनमधील निम्मी धावपळ वाचेल. महाराजस्व अभियानात शाळांमधून दाखल्यांची शिबिरे घेतली जातात. शाळेने अर्ज आधी तपासून ठेवले तर अशा शिबिरांचे फळ कितीतरी वाढते. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र कोणत्या वेळी उघडे असते, ठरलेल्या शुल्कापेक्षा अधिक पैसे घेतले जात नाहीत ना, पोचपावती दिली जाते ना, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष ठेवावे. तालुकास्तरावर तिसऱ्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात गावाचे अडलेले प्रश्न मांडता येतात, ही माहितीही त्यांनीच घरोघर पोहोचवावयाची आहे.

दिवसाअखेरचे प्रश्न

नेतृत्वाचे हे धडे अंगी बाणविण्यासाठी मोठ्या प्रशिक्षणाची वाट पाहावयास नको. कार्यालय बंद होण्यापूर्वी प्रमुखाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आज किती जणांना परत जावे लागले आणि का? त्यांपैकी कितीजण याच कामासाठी दुसऱ्यांदा आले होते? त्रुटी असलेल्या अर्जांची माहिती अर्जदारांना आजच मिळाली काय? खिडकीवरील सहकाऱ्याला आज कोणत्या अडचणीस एकट्याने तोंड द्यावे लागले? आणि आठवड्यातून एकदा तरी, आपण स्वतः त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देणाऱ्या अधिकाऱ्याला बाकीच्या प्रश्नांची उत्तरे शोधत बसावे लागणार नाही. ती त्याला रांगेतच मिळतील. शिरूर आणि दौंडमधील नागरिक शासनाकडे चमत्कार मागत नाहीत. एका खेपेत काम व्हावे, आणि होणार नसेल तर का होणार नाही ते नीट समजावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. ती पूर्ण करणे आपल्या हाती आहे.