मत आणि दिवसाचा रोज

मतदान हा आज आपल्याला सहज मिळालेला हक्क वाटतो. परंतु मुंबई इलाख्यात तो प्रथम मालमत्तेचा हक्क होता. १९१९ च्या कायद्याने मत दिले ते मुख्यत्वे शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा अटींत बसणाऱ्यांना. ज्याच्या नावे जमीन त्याला मत. जो तीवर मजुरी करतो त्याला नाही! १९२१ साली मुंबई कौन्सिलने स्त्रियांना मत देऊ केले, तेही मालमत्तेच्या अटीनेच.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्याने असेंब्लीच्या १७५ जागांपैकी ७ कामगारांना मिळाल्या, पण बहुसंख्य मजूर यादीबाहेरच राहिले. १९५१-५२ च्या निवडणुकीत मात्र एकवीस वर्षांवरील नागरिकाला, मालमत्ता न विचारता, मत मिळाले. निरक्षरांसाठी दर उमेदवाराची पेटी वेगळी, तीवर चिन्ह. १९८९ पासून वयाची अट १८ वर्षांची झाली.

हक्क मिळाला, तो बजावायचा कसा? आपल्या आसनगावच्या आसपासची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. २०२४ साली लोकसभेचे मतदान येथे २० मे रोजी झाले. नाव गावच्या यादीत, माणूस भट्टीवर! १९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात '१३५ ब' हे कलम आले: मतदानादिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. मालक हे कलम आपण होऊन वाचून दाखवील, असे आम्हाला वाटत नाही. म्हणून ते तुम्ही-आम्ही भट्टीवर जाऊन वाचून दाखवले पाहिजे. दिवसाचा रोज बुडवून द्यावे लागणारे मत हे पुन्हा मालमत्तेचेच मत होय.