फटक्याआधीचे काम : गोलरक्षक नोरा रॅटीची पहिली वर्षे

आइस हॉकीतील गोलरक्षकाच्या कामाचा मोठा भाग फटका मारला जाण्यापूर्वीच उरकलेला असतो, आणि प्रेक्षकांना दिसणारा बचाव हा त्या कामाचा केवळ शेवटचा टप्पा असतो. या खेळात चेंडूऐवजी ‘पक’ नावाची, साडेसात सेंटिमीटरांहून किंचित अधिक व्यासाची आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाची कठीण रबराची चकती वापरतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेली ही चकती १० मीटरांचे अंतर सुमारे ०.३६ सेकंदात कापते, म्हणजे ती स्टिकवरून सुटल्यावर विचार करायला सवड उरत नाही. म्हणून गोलरक्षकाला फटका मारणाऱ्याच्या खांद्यांचा कल, स्टिकच्या पात्याचा कोन आणि मोकळ्या जागेकडे सरकणारा त्याचा सहकारी या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवून आपली जागा आधीच ठरवावी लागते.

जाळ्याचे तोंड १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असते, म्हणजे मैदानी हॉकीच्या गोलपेक्षा बरेच लहान. तरीही गोलरेषेवरच उभे राहिले तर दोन्ही बाजूंना आणि खांद्यांच्या वर पुरेशी फट उरते. ती बुजवण्यासाठी गोलरक्षक पुढे सरकतो, कारण तो जितका पुढे येतो तितके त्याच्यामागचे जाळे फटका मारणाऱ्याला कमी दिसते. मात्र त्याच क्षणी पक आडवा पास झाला, तर पुढे आलेल्या गोलरक्षकाला लांबचे अंतर कापून दुसऱ्या खांबाकडे पोचावे लागते. महिलांच्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम अंगाने धडक देण्यास त्या काळी मनाई असल्याने खेळ पासांच्या आधारे अधिक चाले, आणि पुढे यायचे की मागे थांबायचे हा निर्णय आणखी नाजूक होई. दोन्ही गुडघे बर्फावर टेकून पायांची पॅड बाहेरच्या बाजूंना पसरण्याच्या ‘बटरफ्लाय’ पद्धतीत खालची फट मिटते, पण वरचा भाग उघडा राहतो. जेमतेम १६५ सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूला त्यामुळे योग्य जागी वेळेवर पोचण्याखेरीज दुसरा आधार नसतो.

नोरा रॅटी ही अशीच खेळाडू. तिचा जन्म २९ मे १९८९ रोजी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात झाला. फिनलंडमध्ये गोलरक्षण ही स्वतंत्र विद्या मानली जाते. तुर्कूच्या उर्पो इलोनेन यांच्यासारख्या माजी गोलरक्षकांनी ती शिकवण्यात आयुष्य घालवले, आणि पुरुषांच्या सर्वोच्च लीगमधील उत्कृष्ट गोलरक्षकाला मिळणारा चषक आज इलोनेन यांच्याच नावाने दिला जातो. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकसाठी फिनलंडच्या संघात रॅटीची निवड झाली, तेव्हा ती १६ वर्षांची होती.

तिच्या घडणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिला एकाच वेळी परस्परविरोधी स्वरूपाची दोन कामे करावी लागली. देशांतर्गत महिला लीगमध्ये तिचा एस्पोचा ब्लूज संघ इतका प्रबळ होता की त्याच्या गोलरक्षकाला बराच वेळ नुसते उभे राहावे लागे. हे काम सोपे वाटते, पण तसे ते नाही. थंड हवेत जड पॅड बांधून, खेळ दूरच्या टोकाला चाललेला असताना लक्ष ढळू न देणे आणि मग अचानक एकटी पुढे निसटलेली प्रतिस्पर्धी समोर आल्यावर पहिल्याच हालचालीत अचूक असणे, यासाठी वेगळ्याच शिस्तीची गरज असते. राष्ट्रीय संघात परिस्थिती नेमकी उलटी असे. १९९० पासून महिलांच्या प्रत्येक जागतिक स्पर्धेची अंतिम लढत कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच होत आली होती, आणि या दोघांविरुद्ध फिनलंडच्या जाळ्यावर फटक्यांचा अखंड मारा होई. तेथे एका बचावानंतर पक कोठे परत उसळतो, ज्याला ‘रीबाउंड’ म्हणतात, यावर पुढचा क्षण अवलंबून असतो. छातीवर आलेला पक दाबून धरणे, पॅडवर आलेला कोपऱ्याकडे वळवणे आणि हातमोज्यात पकडून खेळ थांबवणे, म्हणजे दमलेल्या सहकाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. फिनलंडच्या गोलरक्षकाला सामन्याची गतीही अशी स्वतः आवरावी लागते, हे तिच्या कामाचे वैशिष्ट्य पुरेसे ओळखले गेलेले नाही.

या दुहेरी तालमीचे फळ २००८ मध्ये चीनमधील हार्बिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दिसले. त्या स्पर्धेत पुढे विजेतेपद मिळवणाऱ्या अमेरिकेला फिनलंडने जादा वेळेत १-० असे हरवले, संघाने कांस्यपदक मिळवले आणि १८ वर्षांची रॅटी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. संपूर्ण सामन्यात एकही गोल न होऊ देता तो जादा वेळेपर्यंत नेणे याचा अर्थ असा की आपल्या आक्रमणाला एका संधीची वाट पाहता येईल इतका अवधी गोलरक्षकाने मिळवून दिला. दुबळ्या संघाला बलाढ्य संघाविरुद्ध जिंकण्याचा बहुधा हाच एक मार्ग असतो. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्येही स्वीडनविरुद्धचे कांस्यपदक जादा वेळेतच, ३-२ असे मिळाले.

दरम्यान २००९ मध्ये ती अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाली होती आणि तेथे प्रबळ संघाच्या गोलरक्षकाचे जुनेच काम तिच्या वाट्याला आले. २०१२-१३ च्या हंगामात या संघाने आपले सर्व, म्हणजे ४१ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद राखले. त्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, लेक प्लॅसिड येथे फिनलंडने अमेरिकेला ३-१ असे नमवले आणि त्या एका सामन्यात तिने ५८ फटके अडवले. इतके असूनही महिला हॉकीत उपजीविकेची सोय नव्हती. सोची ऑलिंपिकनंतर, वयाच्या पंचविशीत, तिने पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या मेस्टिस लीगमधील कीएक्को-वांता संघाच्या जाळ्यासमोर उभे राहण्याचा मार्ग पत्करला, जेथे अंगाने धडक देण्यास परवानगी होती आणि फटके अधिक वेगाने येत.