गोदामातली फियाट

खामगाव, मलकापूर, नांदुरा या बाजारपेठांतील जुन्या पेढ्यांच्या मागच्या गोदामात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट आजही आढळते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली गाडी. पुढे मारुती आली आणि ही मागे सरकली. भंगारवाला दरवर्षी विचारून जातो. नातवाला मात्र ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची असते.

गाडीचा आराखडा इटलीचा असला, तरी तिचे हिंदी माहेर एका जैन घराण्यात आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज व प्लिमथ गाड्यांची जोडणी होई. फियाटशी सहकार्य त्यानंतरचे. शेठजी १९५३ मध्ये निवर्तले. १९६४ ची ‘फियाट ११०० डिलाइट’ त्यांच्या पाहण्यात आली नाही. तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा आणि पुढे सलग बाकासारखे आसन, ही तिची ओळख.

अशा गाडीवर पहिला खर्च बहुतेक जण रंगावर करतात. तो शेवटी करावा. पहिला रुपया कागदपत्रांवर घालावा. नोंदणी पुस्तक बहुधा दिवंगत आजोबांच्या नावे असते. वारसाला ‘नमुना ३१’ भरून नाव बदलून घ्यावे लागते आणि त्यासाठी इतर वारसांची लेखी संमती हाताशी असणे इष्ट. एका भावाने दोन लाख घालून गाडी उभी करावी आणि मग बाकीच्यांना तिच्यातील आपला वाटा आठवावा, हे घराघरांत घडू शकते. दुसरी अडचण अधिक अनपेक्षित असते. कर्ज चाळीस वर्षांपूर्वी फिटलेले असते. पण पुस्तकावरील तारणाची नोंद कोणी काढलेलीच नसते. ती ‘नमुना ३५’ ने निघते. मूळ बँक विलीन झाली असल्यास तिच्या उत्तराधिकारी बँकेकडून ना-हरकत पत्र आणावे लागते. जुने खाते सापडावयास वेळ लागतो, म्हणून हे काम मेकॅनिकला बोलावण्याआधीच सुरू करावे.

त्याच वेळी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास परवानगी नाही. मुलीच्या लग्नाला मेहकरला किंवा पर्युषणात मंदिरात जावयाचे असेल, तर साधी नोंदणी नूतनीकरण करून घेणेच सोयीचे. त्यासाठी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो, विमा व पीयूसी लागते. दिल्ली परिसरातील वयाची बंदी बुलढाण्यास लागू नाही. इंजिन वा सांगाडा बदललेला असल्यास व्हिंटेजचा दरवाजा बंद होतो. डिझेल इंजिन बसविलेल्या पद्मिनींच्या मालकांनी हे ध्यानी घ्यावे.

गाडीला हात लावताना बॉनेट जयणेने उघडावे. आत उंदरांची पिल्ले, गांधीलमाशीचे पोळे, क्वचित पक्ष्याचे घरटेही असते. आठ दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. त्यानंतर फरशी पाहावी. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे गंजलेली फरशी म्हणजे केवळ भोक पडलेला पत्रा नव्हे, गाडीचा कणाच झिजलेला असतो. वर पुट्टी लावून ते झाकणारा कारागीर स्वस्त पडतो. त्याला नको म्हणावे.

चावी लगेच फिरवू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, इंजिन हाताने फिरते का पाहावे. टाकीतले पेट्रोल चिकट झालेले असते. टाकी व कार्बोरेटर धुऊन घ्यावेत. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि ओलावा धरते, म्हणून सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. ड्रम ब्रेकमधील रबर वायसरही सरसकट बदलावेत. येथे काटकसर नको.

सुट्या भागांची गोष्ट मुंबईच्या काळी-पिवळीशी जोडलेली आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सींची मागणी संपली, त्यासोबत भागांचा ओघही आटणार हे उघड आहे. घ्यावयाचे ते आताच घ्यावे. आसनांना चामडे लावण्याचा सल्ला मिळतो; मूळ गाडीत रेक्झिनच होते, तेव्हा जैन घराला वेगळे कारण देण्याचीही गरज पडत नाही.

रंग झाल्यावर पहिली परीक्षा सपाटीवर, नांदुरा ते मलकापूर अशी घ्यावी. मलकापूरहून बुलढाण्याकडे राजूर घाट चढण्याची घाई नको. मे महिन्यात तर नकोच. ती चढण पहाटे, रेडिएटर धुतलेला आणि पाण्याचा डबा सोबत ठेवून करावी, आणि उतरताना ब्रेक दाबून न ठेवता गिअर खाली घ्यावा.